सर्जरीचं नवं सॉफ्टवेअर आणि आपण

चहा घेऊन बसा आणि जवळ कागद-पेन ठेवा. आज थोडं लिहून घ्यावं लागेल.

आजचा विषय आहे आपल्या जीपी सर्जरीतलं सॉफ्टवेअर. गेल्या दोन-तीन वर्षांत इंग्लंडमधल्या सर्जऱ्यांचं कामकाज आतून बरंच बदललंय. फोन बदलले, अपॉइंटमेंट मागायची पद्धत बदलली, आपली फाइल आपल्याच मोबाइलवर दिसू लागली. मी काही वर्षं एका सर्जरीच्या रिसेप्शनवर काम करते, त्यामुळे काउंटरच्या पलीकडून काय दिसतं तेही सांगेन. मी डॉक्टर नाही, तेव्हा हा वैद्यकीय सल्ला समजू नका. आणि आजची माहिती इंग्लंडपुरती आहे. वेल्सचं अ‍ॅप वेगळं आहे, स्कॉटलंडची व्यवस्थाही वेगळी.

आधी आमच्या घरातली गोष्ट

काही वर्षांपूर्वी आई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी माझ्याकडे आली. सर्जरीत तिचं नाव नोंदवताना फॉर्म मीच भरला. आईला विचारलं, "कुठल्या औषधाचा त्रास होतो का?" ती म्हणाली, "मागे एकदा इंजेक्शन दिलं होतं, तेव्हा पित्त उठलं होतं." मी घाईत होते. पित्त म्हणजे अ‍ॅसिडिटी, असं धरून मी 'कधीकधी अ‍ॅसिडिटी' एवढं लिहिलं आणि अ‍ॅलर्जीचा रकाना कोरा सोडला.

दोन महिन्यांनी आईला छातीत कफ झाला. डॉक्टरांनी अ‍ॅमॉक्सिसिलिन लिहून दिलं. पहिल्या कॅप्सूलनंतर तासाभरात तिच्या अंगभर गांधी उठल्या आणि ओठ सुजले. ९९९ला फोन केला, अ‍ॅम्ब्युलन्स आली, आणि रात्रभर आम्ही हॉस्पिटलच्या खुर्च्यांवर बसून काढली. आई बरी झाली. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आधीपासून माहीत होती का?" तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. साताऱ्याचं ते इंजेक्शन पेनिसिलिनचं होतं, आणि आईचं 'पित्त उठलं' म्हणजे अंगावर पित्ताच्या गांधी उठल्या होत्या.

सर्जरीचा यात काही दोष नव्हता. डॉक्टर औषध लिहितात तेव्हा सॉफ्टवेअर ते नोंदवलेल्या अ‍ॅलर्जींशी ताडून बघतं आणि जुळलं तर लाल इशारा दाखवतं. आईच्या फाइलमध्ये ताडायला काहीच नव्हतं. आज जे सांगणार आहे, ते सगळं या एका रकान्याभोवती फिरतं.

फाइल कुठे असते?

इंग्लंडमधल्या बहुतेक सर्जऱ्या दोनपैकी एक सॉफ्टवेअर वापरतात: एमिस वेब किंवा सिस्टमवन. एमिसमधला 'ए' म्हणजे एग्टन. यॉर्कशरमध्ये व्हिटबीजवळ एग्टन नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या जीपी डॉक्टरांनी स्वतःच्या रुग्णांसाठी बनवलेल्या प्रणालीतून ती कंपनी उभी राहिली. तुमची औषधं, तपासण्या, लसी, हॉस्पिटलची पत्रं सगळं या सॉफ्टवेअरमध्ये असतं. आपण मोबाइलवर एनएचएस अ‍ॅप उघडतो तेव्हा त्याच फाइलची खिडकी उघडतो.

या फाइलचा एक छोटा सारांशही असतो. त्यात चालू औषधं आणि अ‍ॅलर्जी असतात. हॉस्पिटल, अ‍ॅम्ब्युलन्स, १११ची सेवा, फार्मसी यांना गरज पडल्यास तो पाहता येतो. म्हणजे सर्जरीतला कोरा रकाना पुढे सगळीकडे कोराच जातो, आणि बरोबर भरलेला रकाना सगळीकडे बरोबर जातो.

सकाळी आठची रांग

आठ वाजता फोन लावायचा, साडेआठला लागायचा आणि ऐकायला यायचं, "आजच्या अपॉइंटमेंट संपल्या, उद्या करा." हे आपण सगळ्यांनी भोगलंय. यात तीन बदल झालेत.

पहिला बदल फोनचा. सर्जऱ्यांचे फोन आता इंटरनेटवरून चालतात. रांगेत तुमचा नंबर कितवा ते ऐकू येतं, आणि अनेक ठिकाणी एक बटण दाबून फोन ठेवता येतो. पाळी आली की सर्जरीच परत फोन करते. फक्त एक अडचण आहे. सर्जरीचा फोन पुष्कळदा नंबर न दाखवता येतो, आणि आपली माणसं अनोळखी फोन उचलत नाहीत. मग आमच्या स्क्रीनवर 'फोन उचलला नाही' अशी नोंद होते. त्या दिवशी मात्र उचला.

दुसरा बदल नियमाचा. २०२३पासून सर्जरीने तुम्हाला "उद्या फोन करा" म्हणून वाटेला लावू नये, असं करारातच आहे. पहिल्याच संपर्कात तुमची गरज तपासायची किंवा योग्य जागी पाठवायचं. योग्य जागा फार्मसीही असू शकते. ३१ जानेवारी २०२४पासून 'फार्मसी फर्स्ट' योजनेत घसादुखी, सायनस, नागीण, इम्पेटिगो, चावलेल्या किड्याची चिघळलेली जखम, मुलांचं कानदुखणं आणि स्त्रियांचा साधा लघवीचा संसर्ग या सात तक्रारींवर फार्मसिस्ट स्वतः तपासून गरज असल्यास औषध देऊ शकतात. त्यात वयाच्या अटी आहेत, त्या तेच सांगतील. तेव्हा रिसेप्शनवरून फार्मसीकडे पाठवलं तर "टाळलं आपल्याला" असं मनात आणू नका.

तिसरा बदल ऑनलाइन अर्जाचा. १ ऑक्टोबर २०२५पासून प्रत्येक सर्जरीने हा अर्ज सोमवार ते शुक्रवार, सकाळी ८ ते संध्याकाळी ६.३० या पूर्ण वेळेत खुला ठेवायचा आहे. पूर्वी कित्येक ठिकाणी तो सकाळी नऊलाच बंद व्हायचा. हा अर्ज तातडीचं नसलेलं दुखणं, औषधांबद्दलचे प्रश्न आणि कागदपत्रांची कामं यासाठी आहे. छातीत दुखणं, श्वास न पुरणं, तोंड वाकडं होणं, हातातलं बळ अचानक जाणं अशा वेळी अर्ज लिहीत बसू नका, ९९९ला फोन करा.

अर्ज लिहिताना

तुम्ही 'पाठवा' दाबलंत की अर्ज आमच्याकडे एका यादीत येतो. डॉक्टर किंवा प्रशिक्षित कर्मचारी तो वाचतात आणि ठरवतात: आज की पुढच्या आठवड्यात, डॉक्टर की नर्स की फिजिओ, फोनवर की समोर. अर्ज आधी आला म्हणून आधी नंबर लागत नाही. गरज बघून लागतो. म्हणून काय लिहिलंय याला फार महत्त्व आहे.

आपली माणसं दोन चुका करतात. काहीजण संकोचाने "थोडं बरं वाटत नाही" एवढंच लिहितात. काहीजण दहा वर्षांचा इतिहास लिहितात आणि आजचं दुखणं शेवटच्या ओळीत येतं. साध्या इंग्रजीत पाच गोष्टी लिहा: काय होतंय, कधीपासून, वाढतंय की कमी होतंय, कोणती औषधं चालू आहेत, आणि तुम्हाला कशाची भीती वाटतेय. ही पाचवी गोष्ट आपण लपवतो. "माझ्या भावाला याच वयात हार्ट अटॅक आला होता" हे एक वाक्य डॉक्टरांना खूप काही सांगून जातं. फोन कधी उचलता येणार नाही तेही लिहा.

'पित्त' आणि 'कणकण' यांचं इंग्रजी काय?

आता भाषेबद्दल. शब्दकोशात पित्त म्हणजे यकृतातला पित्तरस. आपल्या बोलण्यात मात्र छातीत जळजळ म्हणजे पित्त, उलटी होऊन डोकं उतरलं तेही पित्त, आणि अंगावर गांधी उठल्या तेही पित्तच. डॉक्टरांच्या दृष्टीने ही तीन वेगळी दुखणी आहेत. तसंच 'चक्कर'. खोली गरगर फिरते का, की उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते? 'कणकण' म्हणजे थर्मामीटरवर ताप आहे का? 'उष्णता झाली' म्हणजे तोंड आलंय, लघवीला जळजळतंय की डोळे चुरचुरताहेत? घरच्या मोठ्यांसाठी अर्ज भरताना शब्दाचं भाषांतर करू नका. "म्हणजे नक्की काय होतं? कुठे होतं?" असं विचारा आणि ते लिहा.

इंग्रजीत बोलणं जड जात असेल तर सर्जरीने दुभाषा द्यायला हवा, आणि त्याचे पैसे पडत नाहीत. तो बहुधा फोनवर असतो. तुमच्या फाइलमध्ये 'मराठी, दुभाषा हवा' अशी नोंद करून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी पुन्हा सांगावं लागत नाही. मुलाला किंवा सुनेला सोबत नेण्यात गैर काही नाही, पण स्त्रियांच्या तक्रारी, मनाची दुखणी, घरातले त्रास मुलाच्या तोंडून डॉक्टरांपर्यंत पोहोचत नाहीत. आईने मुलासमोर ते उच्चारलेलेच नसतात.

भारतातून आणलेली औषधं

बॅगेत सहा महिन्यांच्या गोळ्या घालूनच आपले आई-बाबा येतात. इथल्या सॉफ्टवेअरला त्यातली एकही माहीत नसते. दोन औषधांचं एकमेकांशी जमतं का, हे सॉफ्टवेअर तपासतं खरं, पण फक्त यादीतल्या औषधांपुरतं. इतर ठिकाणाहून घेतलेली औषधं नोंदवायची सोय त्यात असते, तेव्हा सांगून नोंदवून घ्या. आयुर्वेदिक काढे आणि गोळ्याही सांगा.

सांगताना गोळीचं पाकिटावरचं मोठं नाव उपयोगाचं नाही, बारीक अक्षरातलं मूळ नाव हवं. थायरोनॉर्म इथे कोणाला कळणार नाही, लेव्होथायरॉक्सिन कळेल. ग्लायकोमेट म्हणजे मेटफॉर्मिन, इकोस्प्रिन म्हणजे अ‍ॅस्पिरिन, क्रोसिन म्हणजे पॅरासिटामॉल. भारतात एका गोळीत दोन-दोन औषधंही असतात, मग दोन्ही नावं मिलिग्रॅमसकट लिहा. पाकिटाचा फोटो काढून ठेवणं सगळ्यात सोपं.

अ‍ॅपमधले आकडे पाहून घाबरू नका

३१ ऑक्टोबर २०२३पर्यंत सर्जऱ्यांनी १६ वर्षांवरच्या रुग्णांना त्यांच्या फाइलमधल्या नव्या नोंदी ऑनलाइन दाखवायला सुरुवात करावी, असं ठरलं होतं. आता बहुतेकांना त्या दिसतात. जुन्या नोंदी हव्या असतील तर वेगळी विनंती करावी लागते.

रक्ताचे रिपोर्ट दिसायला लागल्यापासून आमच्याकडे एक नवा फोन सुरू झालाय: "माझा आकडा एवढा कसा?" आपल्या डोक्यात भारतातली मापं असतात, इथली वेगळी आहेत. हिमोग्लोबिन तिकडे १२ म्हणतात, इथे १२० दिसेल. रक्त तेच आहे, तिकडे डेसिलिटरमध्ये मोजतात आणि इथे लिटरमध्ये. साखरेचा इथला आकडा १८ने गुणला की भारतातला येतो, म्हणजे ७ आले तर १२६. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी तिकडे टक्क्यांत असते. तिथले ६.५ टक्के म्हणजे इथले ४८, आणि ४८पासून पुढे मधुमेह धरतात. ४२ ते ४७ म्हणजे उंबरठ्यावर. कोणी "माझी शुगर ४५ आहे" असं म्हणालं तर ती ही असते.

रिपोर्टपुढे 'असामान्य' लिहिलेलं असलं तर लगेच जीव घाबरा करून घेऊ नका. ठरलेल्या मर्यादेच्या किंचित बाहेर गेलं तरी सॉफ्टवेअर तसं दाखवतं. त्याखाली डॉक्टरांनी काय शेरा लिहिलाय ते वाचा. 'कारवाईची गरज नाही' असं असेल तर विषय संपला. 'डॉक्टरांशी बोला' असं असेल तर मात्र आपणहून संपर्क करा. फोन येईल म्हणून वाट बघत बसू नका.

फाइलमध्ये चुकीची नोंद दिसली तर दुरुस्ती मागायचा तुम्हाला कायदेशीर हक्क आहे. डॉक्टरांचं मत सहसा पुसलं जात नाही, पण तुमचं म्हणणं शेजारी जोडता येतं. आईची अ‍ॅलर्जी आम्ही अशीच नोंदवली. पुढे तिच्या पायाची जखम चिघळली तेव्हा डॉक्टर फ्लुक्लॉक्सासिलिन लिहायला गेले आणि स्क्रीनवर इशारा आला. ते औषधही पेनिसिलिनच्याच कुळातलं. डॉक्टर हसून म्हणाले, "तुमच्या आईने मला वेळेवर थांबवलं."

फाइलवर मोबाइल नंबर कोणाचा?

हा प्रश्न घरोघरी विचारा. रिसेप्शनवर मी नेहमी पाहते की सगळ्या कुटुंबाच्या फाइलवर एकच नंबर असतो, बहुतेक वेळा नवऱ्याचा किंवा मुलाचा. पूर्वी त्याने फारसं बिघडत नव्हतं. आता सर्जरीचा सगळा कारभार मेसेजवर चालतो: तपासणीचा निकाल, स्मिअर टेस्टची आठवण, गोळ्यांमधला बदल, अपॉइंटमेंटची लिंक. बायकोचा निकाल ऑफिसच्या मीटिंगमध्ये नवऱ्याच्या फोनवर येतो. तिला तो आपल्याआधी दुसऱ्या कोणी वाचावा असं वाटत असेल किंवा नसेल, पण ते ठरवायचा हक्क तिचा आहे. ज्याची फाइल त्याचा नंबर, असं करून घ्या.

कोणी तुमचा फोन जबरदस्तीने तपासत असेल, घरात भीती असेल, तर सर्जरीला एकांतात सांगा. काही नोंदी ऑनलाइन दिसणार नाहीत अशी सोय असते, आणि ऑनलाइन फाइल पूर्ण बंदही करता येते. कारण सांगताना लाजू नका. आम्ही ते दुसरीकडे बोलत नाही.

मोठ्यांचं अ‍ॅप कोण चालवणार?

आजींना अ‍ॅप जमत नाही, म्हणून नातू त्यांचा पासवर्ड वापरतो. हे करू नका. यासाठी 'प्रॉक्सी अ‍ॅक्सेस' नावाची रीतसर सोय आहे. आजींची संमती घेऊन सर्जरीत फॉर्म भरायचा. मग तुमच्या स्वतःच्या अ‍ॅपमधून त्यांचं काम करता येतं. किती दिसावं तेही ठरवता येतं: फक्त औषधं मागवणं आणि अपॉइंटमेंट, की पूर्ण फाइल. आजींना वाटलं तर त्या परवानगी काढूनही घेऊ शकतात. लहान मुलांसाठीही अशीच सोय असते, पण मूल ११ वर्षांचं झालं की अनेक सर्जऱ्या तिचा नव्याने विचार करतात.

आई-बाबा पाहुणे म्हणून आले असतील तरी जीपीकडे तपासणी मोफत असते. नाव नोंदवायला पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा किंवा व्हिसा दाखवणं बंधनकारक नाही. हॉस्पिटलचं मात्र तसं नाही. अपघात विभागातले तातडीचे उपचार मोफत असतात, पण पाहुण्यांना भरती करून घेतलं तर मोठं बिल येऊ शकतं. म्हणून प्रवासाचा विमा हवाच.

नाव, जन्मतारीख आणि वंश

सॉफ्टवेअर माणूस ओळखतं ते नाव, जन्मतारीख आणि पत्ता यांवरून. आपल्याकडे एक गंमत आहे. शाळेत नाव घालताना मास्तरांनी १ जून लिहिलं, म्हणून अर्ध्या महाराष्ट्राच्या जुन्या पिढीचा वाढदिवस १ जूनला येतो. घरी आपण खरा वाढदिवस दसऱ्याला करत असू, पण सर्जरीत पासपोर्टवरचीच तारीख सांगा. नावातही वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये घालायचं की नाही ते एकदा पासपोर्ट बघून ठरवा आणि सगळीकडे तेच ठेवा. नाहीतर हॉस्पिटलचं पत्र तुमच्या फाइलपर्यंत पोहोचायला वेळ लागतो.

वंशाचा रकाना बरेच जण "सांगायचं नाही" म्हणून सोडतात. तुमची मर्जी. पण पुढच्या दहा वर्षांत हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा धोका किती, हे काढणारं क्यूरिस्क नावाचं गणित त्या रकान्याचा विचार करतं. आपल्या दक्षिण आशियाई लोकांत मधुमेह आणि हृदयविकार लवकर येतात. वजनाची मर्यादाही आपल्यासाठी वेगळी आहे. बीएमआय २५ऐवजी २३पासूनच आपल्याला सावध राहायला सांगतात. रकाना कोरा असेल तर हे हिशेबात धरलं जाईलच असं नाही.

ऐकून टिपणं काढणारं यंत्र

सगळ्यात नवा बदल. काही डॉक्टर आता सुरुवातीलाच सांगतात, "आपलं बोलणं ऐकून टिपणं काढणारं सॉफ्टवेअर चालू करतोय, चालेल ना?" याबाबत एनएचएस इंग्लंडने एप्रिल २०२५मध्ये मार्गदर्शन काढलंय. सॉफ्टवेअरने लिहिलेलं वाचून तपासण्याची जबाबदारी डॉक्टरांचीच राहते. फायदा असा की डॉक्टर कीबोर्डकडे न पाहता तुमच्याकडे बघतात. तुम्हाला नको असेल तर "नको" म्हणा, तपासणी तरीही होते. आपण मात्र इंग्रजीत बोलता बोलता मध्येच मराठीत शिरतो, "डावीकडे... नाही, उजवीकडे" करतो. म्हणून निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा, "काय ठरलं ते एकदा सांगता का?" आणि घरी गेल्यावर अ‍ॅपमधली नोंद वाचा.

या आठवड्यात करायची कामं

आता पेन घ्या. एक, घरातल्या प्रत्येकाच्या फाइलवर त्याचाच मोबाइल नंबर आहे ना, पाहा. दोन, अ‍ॅपमध्ये अ‍ॅलर्जीचा रकाना उघडून वाचा. तीन, भारतातली औषधं आणि काढे मूळ नावांनी कळवा. चार, दुभाषा हवा असेल तर तशी नोंद करून घ्या. पाच, आई-बाबांसाठी प्रॉक्सीचा फॉर्म आणा, आणि भरताना त्यांच्या शेजारी बसा.

ते काहीही म्हणाले की लगेच लिहू नका. "म्हणजे नक्की काय झालं होतं?" असं एकदा विचारा. मी त्या दिवशी विचारलं नव्हतं. आई आता साताऱ्यात ठणठणीत आहे, आणि फोनवर प्रत्येक वेळी आठवण करून देते, "अगं, माझं ते पित्त लिहिलंस ना नीट?"

काळजी घ्या. पुन्हा भेटू. नमस्कार.